हवेतले मास्तर

मास्तर या जातीशी माझं कधी फारसं जमलं नाही. दोष त्यांचा नसावा. बिगरीतल्या गुरुजींपासून बँकेत खतावणी शिकवणाऱ्या हेडक्लार्कपर्यंत सगळ्यांनी माझ्याविषयी एकच मत नोंदवून ठेवलेलं आहे, की 'मुलगा ऐकत नाही'. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी हे मत देणाऱ्यांत आणखी एकाची भर पडली. फरक इतकाच, की हे मास्तर हाडामांसाचे नाहीत. ते आमच्या कॉम्प्युटरात राहतात, इंग्रजीतून बोलतात आणि मी त्यांना पदरचे पैसे मोजून घरी आणलं आहे.

त्याचं असं झालं. नातू शिकायला परगावी गेला आणि जाताना त्याचा कॉम्प्युटर, एक दांडा आणि पायाने दाबायच्या दोन पट्ट्या माझ्या स्वाधीन करून गेला. दांड्याला जॉयस्टिक म्हणतात. त्यावर घरबसल्या विमान चालवायचं. याला 'खेळ' म्हटलेलं या पंथातल्या लोकांना खपत नाही. ते 'सिम्युलेटर' म्हणतात. तीन पत्ती कुटणाऱ्याने 'आम्ही ब्रिजला बसलो होतो' असं सांगावं, त्यातलाच प्रकार. या सिम्युलेटरला जोडायला एक मास्तर वेगळा विकत मिळतो. म्हणजे आणखी एक प्रोग्रॅम. तो विमानाचा वेग, उंची, फ्लॅप, ब्रेक सगळ्यावर डोळा ठेवून बसतो, चुकलं की बोलतो, आणि विमान उतरलं (किंवा पडलं) की मार्क देतो.

"या वयात कसले मार्क?" सौ.नी विचारलं.

मी उत्तर दिलं नाही. उत्तर होतं, पण ते पन्नास वर्षं जुनं होतं. त्याचं पुढे येईलच.

पहिले आठ दिवस मास्तर मुके होते. मी विमान धावपट्टीवरून गवतात घातलं, नारळाच्या झाडांत अडकवलं, दोनदा जुहूच्या समुद्रात बुडवलं. मास्तर हूं नाहीत की चूं नाहीत. शाळेत असे एक मास्तर आम्हाला होते, पण ते झोपलेले असत. मी माहितीपुस्तक काढलं, आवाजाची सगळी बटणं वर सरकवली, कंपनीला पत्र टाकलं. कंपनीने 'कृपया माहितीपुस्तक वाचावे' असं तत्पर उत्तर पाठवलं. नवव्या दिवशी मी नेहमीसारखा संध्याकाळी न बसता सकाळी बसलो. पाच मिनिटांत पोळ्यांच्या बाई लाटणं घेऊन बाहेर आल्या.

"काका, आत कोण साहेब ओरडतोय बघा. मला म्हणतो, तुझं नाक फार वर आहे."

"तुम्हाला इंग्रजी कळतं?"

"नोज कळतं हो! धाकटी इंग्लिश मीडियमला आहे आमची."

सौ.नी अभंग ऐकण्यासाठी ओट्यावर एक बिनतारी स्पीकर ठेवलेला आहे. कॉम्प्युटरने आपल्या मनाने त्याच्याशी संधान बांधलं होतं आणि आठ दिवस संध्याकाळच्या रिकाम्या स्वयंपाकघरात मास्तर एकटे बोंबलत होते. बाईंची मी क्षमा मागितली. विमानाचं नाक म्हणजे पुढचं तोंड, ते फार वर गेलं की पंखांवरची हवा सुटते आणि विमान बसतं, हेही समजावलं. त्या म्हणाल्या, "मग बरोबर बोलतोय की तो."

मास्तर एकीकडे आणि शिष्य दुसरीकडे ही स्थिती मात्र विमानविद्येत नवीन नाही. उलट सुरुवातच तिथून झाली. 1910 च्या सुमाराला पुष्कळ विमानांत दुसऱ्याला बसायला जागाच नसे. मास्तरांनी जमिनीवर उभं राहून हातवारे करायचे आणि शिष्याने एकट्यानं वर जायचं. वर गेलेला खाली येईच, प्रश्न फक्त कसा येतो एवढाच. फ्रान्समध्ये आंत्वानेत नावाच्या देखण्या विमानाचे कारखानदार होते. त्यांनी यावर तोडगा काढला. एक लाकडी पिंप अर्धं कापलं, एका अर्ध्यावर दुसरं अर्धं ठेवलं, वर खुर्ची आणि विमानातल्यासारखी दोन चाकं बसवली. शिष्य वर बसे, खाली उभी असलेली माणसं पिंप हलवून त्याला डुगडुगवत, आणि त्याने चाकं फिरवून समोरची दांडी क्षितिजाशी समांतर ठेवायची. सिम्युलेटरांच्या वंशावळीतलं हे मूळपुरुषाचं चित्र. त्याचा फोटो पाहिला की लग्नघरी पिंपावर बसवून कुणा जावईबापूंची थट्टा चालली असावी असं वाटतं.

खरा अवतारी पुरुष मात्र यानंतर आला. आणि तो आला पेटीच्या कारखान्यातून!

एडविन लिंक हे त्याचं नाव. जन्म 1904. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. आपोआप वाजणारे पियानो आणि मूकपटाच्या थेटरात वाजवायचे ऑर्गन ही त्यांची खासियत. 1920 साली चिरंजीवांना विमान शिकायची हुक्की आली. कॅलिफोर्नियात चार्ली चॅप्लिनचा सावत्रभाऊ सिडनी याची विमान-कंपनी होती. तिथे लिंकने पन्नास डॉलर मोजून पहिला धडा घेतला. मास्तरांनी त्याला तासभर आकाशात कोलांट्या मारून दाखवल्या, घरांच्या छपरांवरून विमान नेलं आणि खाली आणून सोडलं. शिष्याला दांड्याला बोट लावू दिलं नाही. पन्नास डॉलर ही तेव्हा लहान रक्कम नव्हती. आपल्याकडे गाण्याच्या क्लासात पहिले सहा महिने गुरुजी स्वतःच गातात, पण ते निदान छपरांवरून जात नाहीत.

लिंकच्या डोक्यात तेव्हापासून किडा वळवळायला लागला, की हे शिक्षण जमिनीवर, स्वस्तात आणि हातपाय शाबूत ठेवून देता यायला हवं. सामान कारखान्यात होतंच. ऑर्गन म्हणजे शेवटी आपल्या पेटीचा थोरला भाऊ. भाता, हवेच्या नळ्या, झडपा. कोणत्या भात्यात किती हवा सोडली किंवा काढली म्हणजे काय हलतं हे त्याला तोंडपाठ होतं. कारखान्याच्या तळघरात दीड वर्ष खपून 1929 साली त्याने एक ठेंगणंठुसकं विमान तयार केलं. आखूड पंख, आखूड शेपूट, पोट एका खांबावर टेकवलेलं, आणि खाली चारी बाजूंना भाते. दांडा डावीकडे केला की एका भात्यातली हवा जाई, दुसऱ्यात येई आणि विमान डावीकडे कलंडे. गर्रकन फिरवणारी मोटरसुद्धा आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या घराण्यातली. बालगंधर्वांच्या साथीची पेटी उघडून त्यातून कुणी विमान काढावं, तसला हा चमत्कार! वेळही बरोबर साधली होती. 1927 पासून बोलपट आला आणि थेटरातले ऑर्गन अडगळीत जायला लागले. आपल्याकडे 1931-32 नंतर बोलपटाने संगीत नाटक कंपन्यांची अशीच धूळधाण केली, पण त्यांच्या पेट्यांतून विमान काढायचं कुणाला सुचलं नाही. आपण त्या भजनी मंडळांना विकल्या असाव्यात.

हे विमान घेतलं कुणी? विमानशाळांनी नाही. 'जमिनीवर बसून कधी उडता येतं का?' असा त्यांचा सवाल. ते घेतलं जत्रेतल्या करमणूकवाल्यांनी. मेरी-गो-राउंडशेजारी ते उभं राहिलं आणि पोरंटोरं नाणी टाकून त्यात बसायला लागली. तात्पर्य, सिम्युलेटर हा 'खेळ' आहे की नाही हा वाद नातवाने माझ्याशी घालण्याच्या कितीतरी आधी जत्रेत निकालात निघालेला होता.

हसणं थांबलं ते 1934 च्या फेब्रुवारीत. अमेरिकेच्या सरकारने विमान-टपालाची खाजगी कंत्राटं गैरव्यवहाराच्या संशयावरून एकाएकी रद्द केली आणि टपाल वाहायचं काम लष्कराच्या वैमानिकांवर टाकलं. ऐन हिवाळा, धुकं, हिमवादळं, रात्रीची उड्डाणं. पोरं शूर होती, पण ढगात शिरल्यावर केवळ यंत्रांकडे बघून विमान कसं चालवायचं हे बहुतेकांना कुणी शिकवलेलंच नव्हतं. काही आठवड्यांत डझनभर वैमानिक गेले.

ढगात नेमकं होतं काय, हे मला या मास्तरांच्या निमित्ताने वाचायला मिळालं आणि त्या रात्री नीट झोप लागली नाही. आपला तोल कानाच्या आत सांभाळला जातो. तिथे तीन बारीक अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत, त्यांत पाणी आहे. वळलो की पाणी मागे राहतं आणि मेंदूला कळतं, 'वळलो'. पण एकाच वेगाने वीसेक सेकंद वळत राहिलं, की पाणीही बरोबर फिरायला लागतं आणि कान सांगतो, 'सरळ चाललोय'. विमान तिरकं होऊन घिरट्या घालत खाली निघालेलं असतं आणि आतला माणूस निवांत असतो. बरं, त्याने ते सरळ केलंच तर कान ओरडतो, 'अरे, उलटा वळलास!' आणि तो बिचारा पुन्हा पहिल्या कलावर जातो. खिडकीबाहेर जमीन दिसत असेल तर डोळे कानाला गप्प बसवतात. ढगात डोळ्यांचं काही चालत नाही. तिथे स्वतःवर विश्वास ठेवणारा माणूस मरतो आणि तबकड्यांवर विश्वास ठेवणारा उतरतो. ज्याच्याविषयी 'मुलगा ऐकत नाही' असा शेरा आहे त्याने हे वाचून काय करावं?

लष्कराचे अधिकारी लिंकची भेट घ्यायला नेवार्कच्या विमानतळावर थांबले होते. हवा इतकी वाईट, की आता हा गृहस्थ काही येत नाही म्हणून ते उठायला लागले. तेवढ्यात धुक्यातून लिंकचं विमान उतरलं. यंत्रांकडे बघून आला होता. लष्कराने सहा यंत्रं घेतली, दर साडेतीन हजार डॉलर. पुढे महायुद्धात अशी दहा हजारांच्या घरात बनली आणि पाच लाखांवर वैमानिक त्यांतून शिकून गेले. पियानोवाल्याच्या पोराने भात्यावर पाच लाख माणसं डोलवली.

मला त्यातली मास्तरांची व्यवस्था फार आवडली. शिष्य निळ्या खोक्यात, वर झाकण घातलेलं, बाहेरचं काही दिसू नये म्हणून. मास्तर शेजारी टेबलावर, कानाला फोन, तोंडाशी माईक. त्या काळी विमानांना वाट दाखवायला रेडिओचे पट्टे असत. पट्ट्याच्या एका अंगाला गेलात की कट्ट-कडकट्ट, दुसऱ्या अंगाला गेलात की कडकट्ट-कट्ट, आणि बरोबर मधोमध असलात की दोन्ही मिसळून तंबोऱ्यासारखा एकच सलग सूर. हे आवाज मास्तर खोक्यातल्या शिष्याच्या कानात सोडत. आणि टेबलावरच्या नकाशावर एक तीन चाकांचं चिमुकलं यंत्र शिष्य जाईल तसं आपोआप चालत शाईची रेघ ओढत जाई. त्याला 'खेकडा' म्हणत. शिष्य खोक्यातून घाम पुसत बाहेर आला, की मास्तर काही न बोलता नुसती ती रेघ दाखवत. आमच्या हेडक्लार्कच्या हाती असा खेकडा असता तर माझं प्रमोशन आणखी चार वर्षं लांबलं असतं.

लिंकची पुढची हकीकत हसण्यासारखी नाही. उतारवयात तो समुद्राकडे वळला, पाणबुड्या बनवायला लागला. 1973 साली त्याच्या एका छोट्या पाणबुडीत त्याचा मुलगा होता. फ्लोरिडाजवळ ती बुडालेल्या जहाजाच्या सांगाड्यात अडकली. वर काढेपर्यंत एक दिवस उलटून गेला. चौघांपैकी दोघे वाचले, त्यांत मुलगा नव्हता. सत्तरीकडे आलेला हा माणूस मग अशा वेळी मदतीला खाली पाठवता येईल असं यंत्र तयार करायला बसला.

आमच्या मास्तरांचा दुसरा आजार याहून फारच किरकोळ होता. आवाज आता हॉलमध्ये यायला लागला, पण विमान तीन हजार फुटांवर असताना मास्तर म्हणत, 'पार्किंग ब्रेक काढा'. पुन्हा म्हणत. अर्ध्या तासाने पुन्हा. त्यांना विमान दिसतच नव्हतं. नातवाने फोनवर निदान केलं: "आजोबा, सिम्युलेटर तुम्ही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू करता आणि मास्तरांना साध्या युजरच्या अधिकारात. ते बोलणार कसे एकमेकांशी?" छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला हे सांगायला नातू कशाला हवा? साहेबाच्या केबिनमध्ये शिपायाला परवानगीशिवाय प्रवेश नाही. मी दोघांना एका हुद्द्यावर बसवलं आणि त्यांचं सूत जमलं.

घरगुती सिम्युलेटरचा वंश लिंकच्या मानाने अलीकडचा. ब्रूस आर्टविक नावाच्या इलिनॉय विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने 1975 साली कॉम्प्युटरच्या पडद्यावर उड्डाण कसं दाखवावं यावर प्रबंध लिहिला. 1980 च्या सुमाराला त्याने ते ॲपलच्या छोट्या कॉम्प्युटरवर बसवलं. चार रेघा म्हणजे जमीन, आणखी चार म्हणजे डोंगर. बाकीचं कल्पनेनं. 1982 च्या नोव्हेंबरात ते मायक्रोसॉफ्टच्या नावाने बाजारात आलं आणि त्यात विमान उभं असे शिकागोच्या तळ्याकाठच्या मेग्ज फील्डवर. पुढची वीस वर्षं जगभरची पोरं त्या धावपट्टीवरून उडली. 2003 च्या मार्चअखेरीस एका रात्री शिकागोच्या महापौरांनी बुलडोझर पाठवून त्या खऱ्या धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खोदून ठेवल्या. खरा विमानतळ गेला, खोटा जुन्या तबकड्यांत राहिला. मास्तर या घराण्यात जरा उशिरा आले. 2001 ते 2006 च्या आवृत्त्यांतले धडे रॉड मचाडो या खऱ्याखुऱ्या शिक्षकाच्या आवाजात होते आणि तो विनोद करत शिकवी. आमचे मास्तर विनोद करत नाहीत.

आता ते पन्नास वर्षांपूर्वीचं उत्तर. 1974 साली, नोकरी नवीन असताना, मी एका फ्लाइंग क्लबात नाव घातलं होतं. पुष्पक विमान, हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवलेलं. शेजारी-शेजारी दोन खुर्च्या, आणि इंजिनाचा आवाज असा की शेजारच्या खुर्चीतले कॅप्टन जे बोलत ते ओरडूनच. "उंची बघ! उंची!" हे त्यांचं पालुपद. दर रविवारी एक फेरी, तीही पगारातून चहा-सिगारेट तोडून. माझ्या वहीत चौदा तास वीस मिनिटं जमली. त्या दिवशी उतरल्यावर कॅप्टन म्हणाले, "पुढच्या रविवारी मी खाली उतरणार." म्हणजे विमानात मी एकटा. या विद्येत मुंज लागते ती अशी.

त्या गुरुवारी तीर्थरूपांना पक्षाघाताचा झटका आला. पुढचा रविवार इस्पितळात गेला, त्याच्या पुढचेही. मग धाकट्या बहिणीचं लग्न, मग जागा, मग आपलं सगळ्यांचं जे होतं ते. वही ट्रंकेत गेली.

तर मास्तर बोलायला लागले आणि मी जुहूवरून निघालो. जुहूच का, तर 1932 साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जिथे उतरले तिथून आपणही निघावं, एवढीच हौस. दीड हजार फुटांवर सरळ चालायचं होतं. तबकडीत काटा दीड हजारावर असा रोवलेला, की मीच माझी पाठ थोपटली. मास्तर म्हणाले, 'तुम्ही उंचीला साडेतीनशे फूट कमी आहात.' मी काटा पुन्हा बघितला. दीड हजार. 'कमी आहात.' अर्धा तास हा संवाद चालला. दुसऱ्या दिवशी तेच. मी प्रोग्रॅम काढून पुन्हा घातला, दांडा बदलला, मास्तरांना नातवासमोर 'गाढव' म्हटलं. मार्क शंभरात एकतीस.

चौथ्या दिवशी सौ. चहा घेऊन आल्या. विमान धावपट्टीवर उभं होतं, इंजिन बंद.

"अहो, हे घड्याळ काय दाखवतंय? मोठा काटा चाराजवळ आलाय."

"अगं, ते घड्याळ नाही, उंचीची तबकडी आहे. तीन-साडेतीनशे फूट."

"जुहू इतकं उंच आहे?"

जुहू समुद्राला लागून आहे. समुद्रसपाटीहून फार तर दहा-पंधरा फूट.

ही तबकडी उंची मोजतच नाही. ती हवेचा दाब मोजते आणि त्यावरून उंचीचा अंदाज सांगते. दाब 1013 मिलिबार आहे असं धरून ती चालते आणि खरा दाब किती ते आपण कोपऱ्यातल्या बोंडाने तिला सांगायचं असतं. जुलै महिना, मी खेळात खरी हवा जोडलेली. पावसाळ्यात मुंबईचा दाब हजारापर्यंत उतरतो. एका मिलिबारला सत्तावीस-अठ्ठावीस फूट, तेरा मिलिबारचे साडेतीनशेच्या वर. ते बोंड असलेली अचूक तबकडी 1928 साली पॉल कोल्समन या जर्मनीतून अमेरिकेत आलेल्या माणसाने बनवली, घड्याळजीच्या तोडीची दातेरी चाकं बसवून. पुढच्याच वर्षी, 24 सप्टेंबर 1929 ला, जिमी डूलिटल काळ्या पडद्याआड बसून, बाहेर एकदाही न बघता विमान उडवून परत उतरला, तो याच तबकडीच्या भरवशावर. पुढच्या खुर्चीत बेन केल्सी होता, वेळ आलीच तर सांभाळायला. त्याने आपले हात सगळ्यांना दिसतील असे ठेवले होते, म्हणजे कुणी म्हणायला नको. आणि मी, डोळे उघडे ठेवून, चार दिवस माझ्या मास्तरांना गाढव म्हणत होतो. कॅप्टनही पुष्पकमध्ये उडायच्या आधी दर वेळी ते बोंड फिरवत. मला आठवत होतं. ते काय करतात हे मी विचारलं नव्हतं.

बोंड फिरवलं. काटा सरसर खाली आला आणि शून्याच्या जरा पुढे थांबला. मी निघालो. दीड हजार फूट, डावीकडे वळण, पुन्हा डावीकडे, समुद्र उजवीकडे, वेग बरोबर, नाक बरोबर. मास्तर काही बोलेनात. चक्कर पुरी होत आली, धावपट्टी समोर दिसायला लागली, तरी शब्द नाही.

"परत आवाज गेला वाटतं," म्हणत सौ. स्वयंपाकघरात जाऊन आल्या. "तिथेही नाही हो."

"नाही," मी म्हटलं. "ते खाली उतरलेत."